साडेतीन वर्षांच्या मुलीची नडगी आठ महिने झाले तरी जुळत नाहीये. कोणी यातून गेलंय का?

धायरीचा_बाबा | मंगळवार, रात्री 11:52

नमस्कार. इथे आरोग्याचे धागे नेहमी वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मुलगी साडेतीन वर्षांची. जन्मली तेव्हाच उजवी नडगी किंचित बाकदार होती, पुढे आणि बाहेरच्या अंगाला. प्रसूतिगृहात म्हणाले, पोटात पाय दुमडून होती, चालायला लागली की सरळ होईल. आईने वर्षभर तेल लावून पाय चोळला. पोर चालायला लागली, जरा लंगडत. गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी उंबऱ्याला अडखळली आणि तेवढ्यात हाड मोडलं. उंबरा दोन इंचांचा.

जवळच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. सहा आठवड्यांनी काढलं, जुळलेलं नव्हतं. पुन्हा घातलं. असं तीनदा. आता मोडल्या जागी पाय चक्क हलतो आणि तिला फारसं दुखतही नाही, त्याचीच जास्त भीती वाटते. शेवटी परवा शिवाजीनगरला मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रेचं पाकीट बाजूला ठेवलं, फ्रॉक वर केला आणि पाठीवरचे, पोटावरचे कॉफीच्या रंगाचे डाग मोजले. नऊ भरले. आम्ही त्यांना लासं म्हणायचो, भाग्याची वगैरे.

मग कागदावर लिहून दिलं: कंजेनायटल स्यूडार्थ्रोसिस ऑफ टिबिया. म्हणजे जन्मजात दोषामुळे नडगी जुळत नाही आणि मोडल्या जागी खोटा सांधा होतो. ऑपरेशन लागेल, आत रॉड, कमरेच्या हाडाचा तुकडा आणून लावायचा, बाहेरून इलिझारोव्हची रिंग. वर हेही म्हणाले की एका ऑपरेशनवर भागेल असं धरून चालू नका. दुसरं मत घ्यायला गेलो, तिथे कळलं की सारखं फसत गेलं तर काही जणांचा पाय कापून कृत्रिम पाय बसवतात. बायको तिथल्या तिथे खाली बसली.

घरी आई म्हणते, सुनेने ग्रहण पाळलं नाही. बायको आईशी बोलत नाही. मी दोघींच्या मध्ये.

पावसाळ्याआधी ऑपरेशन करावं का थोडं थांबावं? रिंग म्हणजे नक्की काय असतं, एवढीशी पोर ती सहन करते का? आणि खर्चाचं काय? मी एका गोदामात सुपरवायझर आहे, कंपनीचा विमा आहे पण तो पुरेल असं वाटत नाही.

कात्रज_एक्सप्रेस | बुधवार, सकाळी 7:10

आमच्या गावाकडे हाडवैद्य आहेत, पाला बांधतात. लांबलांबून लोक येतात. ऑपरेशनच्या आधी एकदा दाखवायला काय हरकत आहे?

सदाशिवातला | बुधवार, सकाळी 7:26

पाला बांधून वाकडं जुळलेलं मनगट घेऊन मी चाळीस वर्षं हिंडतोय. माझं निदान जुळलं तरी. हिचं मुळात जुळतच नाहीये, आणि पोर साडेतीन वर्षांची आहे. कृपया.

पावफेरा_आई | बुधवार, दुपारी 3:35

दादा, दोन इंचांच्या उंबऱ्यापाशी मी थांबले. आमच्याकडे दिवाण होता. मुलगा सव्वादोन वर्षांचा, दिवाणावरून नुसता खाली उतरला आणि डावी नडगी मोडली. आज तो चौदाचा आहे, नववीत जाईल, आणि हे लिहितेय तेव्हा खाली पार्किंगमध्ये आऊट होऊनही बॅट सोडत नाहीये. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं काही गोड नाही.

ग्रहणाचं पहिल्यांदा निकालात काढू. माझ्या सासूबाईंनीही तेच काढलं होतं, मी ग्रहणात विळीवर बसले होते म्हणे. हे डाग आणि हे हाड एकत्र असले की बहुतेक वेळा मागे न्यूरोफायब्रोमॅटोसिस असतो. जनुकातला दोष तो. साधारण निम्म्या मुलांमध्ये आई किंवा वडिलांकडून येतो आणि निम्म्यांत नव्यानेच होतो, घरात कोणालाच नसतो. आमचं दुसऱ्या प्रकारातलं निघालं. मी सांगून सासूबाईंना पटलं नाही, डॉक्टर बोलल्यावर पटलं. तुमच्या आईंना पुढच्या वेळी सोबत न्या. डॉक्टरांच्या कानावर मात्र आधी घालून ठेवा.

तीन प्लास्टर वाया गेली ह्यात तुमचा दोष नाही, प्लास्टरचाही नाही. हाडावर एक आवरण असतं, पेरिऑस्टियम. चांगल्या मुलाचं हाड मोडलं तर तेच ते भरून काढतं. आपल्या मुलांचं ते त्या ठिकाणी जाड, चिवट आणि निकामी झालेलं असतं. रक्त नीट पोचत नाही, आणि नवीन हाड जेवढं तयार होतं त्याहून जास्त झिजून जातं. बाहेरून कितीही घट्ट धरून ठेवा, आतलं ते गोंधळलेलं आवरण काढल्याशिवाय पुढे सरकत नाही. हे मला पाचव्या महिन्यात समजलं. तोपर्यंत एका दवाखान्यात (नाव घेत नाही) 'लहान मुलाचं हाड आहे, जुळेल' हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की मीही ते शेजाऱ्यांना ऐकवायला लागले होते. मग दुसरीकडे, तेही नाव नको, प्लेट आणि स्क्रू बसवले. अकरा महिन्यांनी प्लेटच्या खालच्या टोकाशी पुन्हा मोडलं.

म्हणून पावसाळ्याआधी का नंतर, ह्या प्रश्नावर झोप घालवू नका. पंधरा दिवस इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही, तोवर ब्रेस (पायाला बाहेरून धरून ठेवणारा साचा) मात्र पायात हवा. त्यापेक्षा डॉक्टरांना समोर बसवून एक विचारा: जुळल्यानंतर पुन्हा मोडू नये म्हणून काय करणार? आम्ही पहिली दोन वर्षं फक्त 'जुळेल ना?' विचारत राहिलो. जुळतं हो, बऱ्याच जणांचं जुळतं. टिकवायचं असतं ते वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे तुमची मुलगी दहावीत जाईपर्यंत म्हणा ना. रॉड कोणता, मुलीबरोबर लांब होत जाणारा का साधा? साधा असेल तर ती वाढल्यावर बदलायचा कधी? शेजारचं बारीक हाड आणि नडगी एकमेकांना जोडून एकच जाड हाड करतात, ते हिच्यात जमेल का? (जाड हाड सहजी मोडत नाही, एवढं तर मलाही कळतं. आमच्या पहिल्या खेपेला हा विषयच निघाला नव्हता.) झोलेड्रोनिक ॲसिडचं (हाडाची झीज रोखणारं औषध) सलाईन देणार का? आमच्याला दिलं होतं, आधी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून. त्या रात्री सणसणून ताप आला आणि आम्ही घाबरलो. पहिल्या डोसाला असा ताप येतो हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगते.

आमचं मोठं ऑपरेशन साडेचार वर्षांचा असताना झालं. खराब भाग आणि ते आवरण काढलं, कमरेचं हाड लावलं, आत रॉड, बाहेर रिंग. पाच महिन्यांनी रिंग निघाली, हाड जुळलं होतं. पेढे वाटले. पहिलीत असताना बाकावरून उतरताना पुन्हा तडा. हो, पुन्हा उतरतानाच. रॉड आत होता म्हणून हाड जागचं हललं नाही, मोठ्या मापाचा रॉड घालून निभावलं. पेढ्यांची घाई करू नका.

आता रिंग. तिचं भय सगळ्यात जास्त वाटतं आणि सवय सगळ्यात लवकर होते, मुलाला. आईबापांना वेळ लागतो. पायाभोवती धातूच्या तीन-चार कड्या, त्यांतून आरपार गेलेल्या ताणलेल्या तारा, कड्यांना जोडणाऱ्या आटे पाडलेल्या सळया. पहिल्या दिवशी मी त्या पायाकडे बघितलंच नाही, तोंडाकडे बघून बोलत राहिले. चौथ्या दिवशी पोरगं कड्यांमध्ये खेळण्यातली गाडी पार्क करत होतं.

नंतर पाय लांब करायला लावलेली रिंग मला जास्त आठवते, कारण तिच्यात काम माझं होतं. अकराव्या वर्षी डावा पाय साडेचार सेंटिमीटर आखूड भरला. गुडघ्याच्या खाली, जुन्या दुखण्यापासून लांब, चांगल्या हाडाला काप दिला आणि सहा दिवस तसंच ठेवलं. सातव्या दिवसापासून रोज एक मिलिमीटर. सळईचे आटे असे की नटचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर. पण एकदम एक फेरा द्यायचा नाही, चार वेळा पाव-पाव. आमच्या वेळा ठरल्या होत्या: सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री दहा. नटला नेलपॉलिशचा ठिपका लावला होता, लाल. ठिपका माझ्याकडे असेल तर पुढच्या फेऱ्याला खिडकीकडे गेला पाहिजे. कालनिर्णयच्या चौकोनात चार टिंबं. दहा नंबरचा पान्हा, बोहरी आळीतून आणलेला. नावही ह्या पाव फेऱ्यांवरूनच घेतलंय इथे.

दुसऱ्या आठवड्यातल्या एक्स-रेत नुसती काळी फट दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, हाड तोडून ठेवलं आणि आत काहीच नाही. पाचव्या आठवड्यात त्या फटीत उभ्या धुरकट रेघा दिसल्या, जात्याच्या पाळीतून पीठ झिरपावं तशा. डॉक्टर म्हणाले, हेच हाड. 45 दिवस ओढलं. मग ते पीठ घट्ट व्हायला थांबायचं, फेरे बंद, रिंग तशीच. सगळं धरून जवळजवळ सहा महिने.

त्रास कुठे होतो ते सांगते. हाड ऐकतं, पोटरी ऐकत नाही. ती आखूडच राहू बघते आणि टाच वर उचलली जाते. रोज दोनदा जुनी ओढणी पंज्याला अडकवून पाय स्वतःकडे ओढून धरायचा, त्यावरून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी शाळेच्या अभ्यासावरूनही नाहीत. पिनांच्या तोंडाशी दोनदा पिकलं, लाल होऊन पू आला, गोळ्यांवर बरं झालं. साफ कसं करायचं ते प्रत्येक डॉक्टर वेगळं सांगतात, तुमच्या डॉक्टरांचं ऐका. तिथे हळद मात्र लावू नका, आमच्याकडे एका मावशींनी लावली होती. आणि रात्री पाय ठणकतो. त्याला गोळी आहे, गोष्टही लागते.

गोष्टीवरून आठवलं. त्याला इलिझारोव्हची गोष्ट तोंडपाठ होती. सैबेरियातलं कुर्गान नावाचं गाव, दुसऱ्या महायुद्धानंतरचे जखमी सैनिक, आणि गावातला डॉक्टर 1951 साली ह्या कड्या जुळवतो. बाहेरच्या जगाला पत्ता नाही. 1980 साली कार्लो माउरी नावाचा इटालियन गिर्यारोहक, 1958 साली गाशेरब्रुम-4 वर पहिल्यांदा चढलेल्या दोघांपैकी एक, कित्येक वर्षांचा मोडका पाय घेऊन तिथे गेला आणि बरा होऊन आला. पुढच्या वर्षी इटलीतल्या डॉक्टरांनी इलिझारोव्हना बोलावून घेतलं. आमच्या चिरंजीवांचं म्हणणं, माउरीने गाशेरब्रुम केलं तर मी सिंहगड करणार. केला, बाराव्या वर्षी, अर्ध्यापर्यंत. बाकीचा अर्धा पिठलं-भाकरीच्या वासावर झाला असं त्याचे बाबा म्हणतात.

पाय कापण्याबद्दल. मलाही दोनदा सांगितलं गेलं. खोटं सांगत नाहीत, काही मुलांची आठ-आठ ऑपरेशनं होऊनही पाऊल ताठर आणि पाय निरुपयोगी राहतो, तेव्हा तो विचार होतो, आणि कृत्रिम पायावर ती मुलं धावतात. पण तो पर्याय कुठे पळून जात नाही. तुमचं अजून एकही नीट ऑपरेशन झालेलं नाही. वहिनींना हे सांगा, आणि हेही सांगा की मी पण खाली बसले होते. मी तर लिफ्टमध्ये.

खर्चाचं. नुसत्या विम्यावर राहू नका. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना 2006 च्या उच्च न्यायालयाच्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन ॲडमिट व्हायच्या आधी समाजसेवा विभागात जा, डिस्चार्जच्या दिवशी नको. महात्मा फुले योजनेत बसतं का तेही तिथल्या आरोग्यमित्रांना विचारा. ससूनमध्येही हाडांचा विभाग आहे, कमीपणा मानू नका.

वारजे_फिजिओ | बुधवार, रात्री 9:15

पावफेराताईंनी पोटरीबद्दल लिहिलंय त्याला माझं शंभर टक्के अनुमोदन. लांबी वाढवताना फिजिओथेरपी चुकवली तर हाड मिळतं आणि गुडघा-घोटा जातो.

धायरीचे बाबा, दोन गोष्टी. डाग पाच मिलिमीटरपेक्षा मोठे सहा किंवा जास्त असले तर वयात येण्याआधीच्या मुलांत न्यूरोफायब्रोमॅटोसिसची शंका घेतात. तुमचे नऊ आहेत. तेव्हा पायाबरोबर डोळ्यांची तपासणी दरवर्षी, शिवाय पाठीचा कणा आणि रक्तदाबही. हाडाच्या गडबडीत डोळे राहून जातात.

दुसरं हे वाचून घाबरणाऱ्या बाकीच्या आईबापांसाठी, कारण उद्या माझ्याकडे रांग लागेल. दोन वर्षांपर्यंत दोन्ही पाय गुडघ्यात धनुष्यासारखे असणं, तीन-चारला गुडघे एकमेकांना लागणं आणि सातच्या सुमारास सरळ होणं ही बहुतेक मुलांची नेहमीची वाट आहे. एकाच पायाची नडगी बाकदार असेल तर मात्र दाखवा. तिथेही बाक कुठल्या दिशेला ते महत्त्वाचं. मागे आणि आतल्या अंगाला असेल तर तो बहुतेकदा आपोआप कमी होतो, पाय थोडा आखूड राहतो एवढंच. पुढे आणि बाहेर असेल तर हाड मोडायच्या आधीच ब्रेस घालायचा. आणि तेल लावून पाय ओढायचा नाही, कुठल्याच बाजूला.

धायरीचा_बाबा | गुरुवार, रात्री 12:20

ताई, तुमचं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. लिफ्टशी आल्यावर ती हसली, आठ महिन्यांत पहिल्यांदा. आईला शुक्रवारी सोबत नेतोय. ब्रेसचं माप उद्याच देतो. सगळे प्रश्न वहीत उतरवलेत, रॉडचा सगळ्यात वर.

आता बारीकसारीक. रिंगवर कपडे काय घालायचे? जूनपासून छोट्या गटात जायची होती, शाळेचं काय करायचं? रिक्षात बसता येतं का? आमच्याकडे फक्त टू-व्हीलर आहे.

पावफेरा_आई | गुरुवार, सकाळी 6:08

टू-व्हीलर विसरा. रिक्षात मागच्या सीटवर आडवी, पाय तुमच्या मांडीवर, मध्ये उशी, आणि रिक्षावाल्यांना निघतानाच स्पीडब्रेकरचं सांगायचं. आम्ही एकदा न सांगता सिंहगड रोडने आलो, तो प्रवास मुलगा अजून ऐकवतो. गणपतीच्या दहा दिवसांत तपासणीची तारीख घेऊ नका, विसर्जनाच्या दिवशी तर अजिबातच नको.

कपडे: घेरदार फ्रॉक असल्याने तुमचं सोपं आहे. आम्ही हाफ पँटची बाहेरची शिवण उसवून वेलक्रो लावून घेतलं होतं. रिंगवर घालायला सासूबाईंनी त्यांच्या जुन्या नऊवारीची पिशवी शिवली, वरून-खालून नाडीची. थंडीत तारा गार पडतात आणि मुलं कुरकुरतात, तेव्हा तिचा उपयोग झाला, आणि रस्त्यावरचे लोकही टक लावून बघायचे थांबले. आजीला काम द्या. ग्रहण मागे पडतं.

शाळेत जाऊन बाईंना रिंगचा फोटो आधीच दाखवा, मुलगी रिंगसकट पहिल्यांदा दारात उभी राहायला नको. आमच्या शाळेने वर्ग खाली आणला. छोटा गट सहा महिने बुडाला तरी काही होत नाही, माझ्या मुलाने बालवाडी दोनदा केली.

पहिल्या खेपेला तुम्हाला नट फिरवायला सांगतील का नाही ते डॉक्टरांवर आहे. सांगितलं तर पान्हे दोन आणा. एक हमखास दिवाणाखाली जातो, आणि ते रात्री दहाच्या फेऱ्यालाच कळतं.